खाडी म्हणाली, येतंय

काठी: येतंय.

भर सुकतीला काठी पहिल्यांदा असं बोलली तेव्हा धक्क्यावर हशा पिकला.

पाणी झपाट्याने उतरत होतं. कांदळाच्या मुळ्या उघड्या पडल्या होत्या, चिखलात निवटे मासे शेपटीवर उड्या मारत होते, आणि धक्क्याच्या खांबाला बांधलेल्या भोंग्यातून माझ्या आईचा आवाज आला. येतंय.

माझी आई तिथेच होती. तिसऱ्यांची, म्हणजे शिंपल्यांची, टोपली कमरेला लावून ती चिखलातून वर चढत होती.

"काय गो दर्शना," धक्क्यावर सुकट पसरत बसलेल्या शेवंतीकाकीने विचारलं, "खंय चललस? आणि इतक्या मोठ्यान कित्याक सांगतस?"

"मी कायएक बोलाक नाय," आई म्हणाली. "ती काठी बोलता. माझो आवाज घेतल्यानी, माका इचारल्यानी नाय, आणि आता माझ्या नावान काय वाटात ता बोलत सुटली हा."

"तू शिकवलंस ताच बोलतली मा?"

"मी खंय शिकवलंय? ह्या माझ्या चेडवान शिकवल्यान." तिने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं.

सगळे माझ्याकडे बघून हसले. मीही हसले. मग हातातल्या पडद्यावर पाण्याची पातळी बघितली आणि हसू अर्धवट राहिलं. 'येतंय' हा शब्द काठी एकाच वेळी बोलायची. सुकती संपून भरतीचं पहिलं पाणी चिखलावर चढू लागतं, तेव्हा. ती कधी चुकली नव्हती. आता तर पाणी उतरतच होतं, आणि उतरायचं अजून बरंच बाकी होतं.

थोड्या वेळाने ती पुन्हा तेच बोलली. मग भरतीतही तेच, पाणी थांबल्यावरही तेच. संध्याकाळपर्यंत काठीजवळ दुसरा शब्द उरला नव्हता.


काठी: येतंय.

काठी एक नाही, पुष्कळ आहेत. भाटवण्याच्या खाडीत ठिकठिकाणी त्या अर्ध्या चिखलात रोवलेल्या आहेत. त्या सगळ्या धक्क्यावरच्या एकाच भोंग्यातून बोलतात, म्हणून गाव सगळ्यांना मिळून काठी म्हणतो.

त्या काय ऐकतात ते सांगते. चिखल मेलेला नसतो. त्याच्या वरच्या पापुद्र्यात प्राणवायू असतो, बोटभर खाली तो संपतो आणि कुजक्या अंड्यासारखा वास मारणारं गंधकाचं विष सुरू होतं. या दोहोंच्या मध्ये केसाहून बारीक जिवाणूंच्या साखळ्या उभ्या असतात. साखळीचं खालचं टोक गंधक खातं, वरचं टोक श्वास घेतं आणि मधून वीज वाहते. उपमा नाही ही, खरीच वीज, तारेतून वाहते तशी. कुर्लीने बीळ खणलं की हवा आत शिरते आणि ती वीज बदलते. तिवराची श्वासमुळं चिखलात प्राणवायू सोडतात, तेव्हा बदलते. तिसऱ्यांनी एकदम शिंपले मिटले की बदलते. शिवाय पाण्याखाली बोटभर कोळंबी नांग्या वाजवत असते, तव्यावर तेल तडतडावं तशी. काठी तेही ऐकते.

यातलं सुटंसुटं सगळं आधीपासून माहीत होतं. डॉ. अन्वर मुकादमांनी शोधलं ते एवढंच, की हे सगळं एकत्र केलं तर एक आलेख निघतो, आणि खाडीत काही घडायच्या आधी तो आलेख बदलतो. मासळी मरायच्या आधी. खारेपणा बिघडायच्या आधी.

"पण आलेख बघतंय कोण?" मुकादम सर मला पहिल्या भेटीत म्हणाले होते. "माझ्या घरातसुद्धा कोणी बघत नाही. शब्द पाहिजेत."

मी तेव्हा भाषाशास्त्र शिकून गावात परत आले होते आणि काय करावं ते मला कळत नव्हतं. मी काठ्यांवर मायक्रोफोन बसवले. आई आणि तिच्या बरोबरच्या बायका काठ्यांच्या आसपास तिसऱ्या काढताना जे काही बोलायच्या ते साठत गेलं. चिखल आंबला की आई म्हणायची, "कुजला मेला." डोंगराचं पाणी उतरलं की, "गोडा झाला." यंत्राने आलेख आणि शब्द एकमेकांना जुळवले आणि मी ती जुळणी तपासली. आवाज आईचा ठेवला, कारण सगळ्यात जास्त बोलते ती.

खाडी बोलत नाही, हे मी शाळेत सांगितलं, देवळात सांगितलं, ग्रामसभेत सांगितलं. खाडी ज्या अवस्थेत असते त्या अवस्थेत माणसं जे बोलली असती, ते यंत्र बोलतं. लोक मान डोलवायचे. दुसऱ्या दिवशी तेच लोक विचारायचे, "काय, आज काठयेन काय सांगल्यान?"


काठी: येतंय.

पाटसकर साहेबांचा फोन आला. ते खारभूमी खात्याचे अभियंते, घाटावरचे, बोलायला गोड.

"मॅडम, अभिनंदन! तुमची खाडी किती स्वच्छ बोलते. पाणी येतंय म्हणते."

"पाणी म्हणत नाही ती, साहेब. नुसतं येतंय म्हणते."

"मग खाडीत पाण्याशिवाय दुसरं काय येणार? पाहुणे?" ते हसले. "उधाणाच्या आधी दरवाजा लावून टाकू. तुम्ही सभेत फक्त अर्थ सांगायचा. शब्द जुळवणाऱ्याने अर्थ सांगितल्याशिवाय मला चावी फिरवता येत नाही. कायदाच तसा झालाय."

कायदा खरंच तसा झाला होता. खाडीला स्वतःचं म्हणणं असू शकतं, हे त्यात मान्य केलं होतं. आमच्या भाटवण्यात त्या म्हणण्यावर दोन दारं अवलंबून होती.

खाडीचा एक फाटा गावामागे वळतो. तिथे पणजोबांच्या पिढीने मातीचा बांध घातला आणि समुद्राकडून जमीन काढून घेतली. ते आमचं खाजण. बांधात एक लाकडी दार आहे, त्याला उघाडी म्हणतात. सुकतीला ते खाजणातलं पाणी बाहेर सोडतं आणि भरतीला आपोआप मिटतं. हे झालं पहिलं दार. दुसरं नवीन, पोलादी, फाट्याच्या तोंडाशी. ते बांधलं होतं, पण अजून एकदाही लावलं नव्हतं. मी शाळेत होते तेव्हा धक्क्याच्या ज्या पायऱ्यांवर बसून आम्ही पाय धुवायचो त्या आता सुकतीलाही दिसत नाहीत, म्हणून ते बांधलं.

खाडी चढून येणार असेल तर पोलादी दरवाजा बंद करायचा. खाडी मरत असेल, निघून चालली असेल, तर उघाडी कायमची काढायची आणि खाजण खाडीला परत द्यायचं. एवढाच नियम.

खाजणात माझ्या धाकट्या भावाचं, भूषणचं, भात पोटरीला आलं होतं. गोव्यातली बोटीवरची नोकरी सोडून तो त्यासाठी गावात आला होता. वर्षानुवर्षं पडीक असलेली जमीन त्याने नांगरली, बांध लिंपला, खारं सोसणारं बियाणं आणलं. पहिलंच पीक होतं.

"ताई, सांगून टाक काय ता," तो म्हणाला. "येतंय म्हणजे येतंय. दरवाजो लावा म्हण."

"बघूया."

"बघूया काय त्यात? मराठी येता मा तुका? डिग्री त्याचीच आसा मा?"


काठी: येतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते. आईने पिशवी खांद्याला लावली, पायात चप्पल सरकवली, आणि उंबऱ्यावरून मागे न बघता म्हणाली, "येतंय हां."

आणि ती गेली.

कप माझ्या हातात तसाच राहिला.

शहरातल्या मराठीत येतंय म्हणजे ते येत आहे. पाणी येतंय, वादळ येतंय. पाटसकर साहेबांनी तेच ऐकलं. आमच्या मालवणीत येतंय म्हणजे मी येते. आणि निघताना कोण मराठी माणूस 'जातो' म्हणतं? 'जातो' म्हटलं की घरातली म्हातारी माणसं तोंडावर हात ठेवतात. 'येतो' म्हणायचं आणि जायचं. आमच्याकडे 'येतंय' म्हणायचं आणि जायचं.

पाणी येतंय.

मी येतंय.

मी चललंय.

हे मला आधी का सुचलं नाही, असं मी स्वतःला विचारलं. मग वाटलं, आता तरी का सुचलं? यंत्राला उंबरा कुठे आहे? त्याला आईचा शब्द ठाऊक आहे, आईची लकब नाही. पण शब्द लकबीसकटच तर आला होता. माझं डोकं दुखायला लागलं. बाहेर भोंगा पुन्हा बोलला आणि शेजारच्या घरातून कोणीतरी ओरडलं, "अगो, मगे ये तरी नायतर जा तरी!"


काठी: येतंय.

मी बघते: तिवराची पानं पिवळी पडून गळतायत.

भूषण बघतो: नवी पालवी यायची असली की जुनी पानं गळतातच.

मी बघते: निवटे चिखल सोडून धक्क्याच्या वरच्या पायऱ्यांवर येऊन बसलेत. त्यांना खाली राहवत नाही.

भूषण बघतो: पाणी चढणार हे त्यांना कळलंय, म्हणून वर आलेत.

मी बघते: पाणमांजरांची जोडी पिल्लांना घेऊन नदीच्या अंगाला गेली.

भूषण बघतो: तिकडे मासळी आहे.

मी बघते: तिसऱ्या खोल गेल्यात. आईची टोपली अर्धीच भरते.

भूषण बघतो: उधाणाआधी त्या खोल जातातच.

मग त्याने मला होडीत ओढून नेलं आणि जाळं दाखवलं. काळुंदरं होती, बोय होते, तांबोशीसुद्धा. जाळं नुसतं हलत होतं, चमकत होतं.

"बापाच्या जल्मात इतको मासो गावाक नाय," तो म्हणाला. "मासो इलो हा, ताई. आणि तू म्हणतस खाडी चलली."

"जाणाऱ्याकपण जाळ्यातनाच जावचा लागता, भूषण."

हातातलं काळुंदर त्याने तसंच धरून ठेवलं. ते तोंड उघडत-मिटत होतं.

"म्हणजे कायव झाला तरी तुझाच खरा?"

"नाय रे. कायव झाला तरी तुझापण खरा. ताच तर."

त्याने मासा टोपलीत फेकला. "तुझ्यापेक्षा ती काठी बरी. एकच कायतरी बोलता."


काठी: येतंय.

मुकादम सर लाँचने आले. चिखलात गुडघाभर रुतून त्यांनी तीन काठ्या उपटल्या, पुसल्या, तपासल्या आणि परत रोवल्या. यंत्रात बिघाड नव्हता. धक्क्यावर बसून आम्ही आलेख बघत राहिलो.

"भरतीच्या पहिल्या क्षणी काय होतं?" ते म्हणाले. "साखळ्यांमधून वीज एकदम जोरात वाहते. थोडा वेळ, आणि मग शांत. आता ती शांत होतच नाहीये. त्या एकाच क्षणात खाडी अडकून बसलीय."

"कशामुळे?"

"बाहेरून खूप पाणी रेटत असेल तर असं होईल. मोठी भरती, वर्षानुवर्षं टिकणारी." त्यांनी चष्मा काढला. "किंवा साखळ्या मरत असतील तर. खालून विष वर सरकतंय आणि त्या जीव खाऊन ओढतायत. शेवटची ओढसुद्धा अशीच दिसेल."

"सर, यातलं कुठलं?"

"आलेखाला दोन्ही चालतात."

"मग तुम्हीच सांगा ना सभेत."

"सांगेन की. दोन्ही चालतात म्हणून सांगेन. निवड शब्दाला करायचीय."

"म्हणजे मला."

त्यांनी चष्मा परत लावला. "मी शब्द का आणले ठाऊक आहे? मला वाटलं होतं, सोपं होईल."

मी विचारलं, ती मरत असताना दरवाजा लावला तर? चिखल काळा पडेल, ते म्हणाले. तिवरं उभी वाळतील. परत यायला किती वेळ लागेल ते त्यांना सांगता येत नव्हतं, पण त्यांच्या हयातीत नाही. आणि ती मरत नसताना उघाडी काढली तर? खाजण खारं होईल. नंतर पुन्हा बांध घातला तर पाऊस ते धुऊन काढेल. तीन वर्षं लागतील. कदाचित चार.

"भूषणची तीन वर्षं," मी म्हणाले.

"हो," मुकादम सर म्हणाले. "आलेखात भूषण नाही. मी बघितलं."

हा विनोद होता की नाही, ते मला कळलं नाही. बहुतेक त्यांनाही कळलं नसावं.


काठी: येतंय.

आई विळीवर तिसऱ्या फोडत बसली होती.

"आये, चिखलातना वर येताना तू येतंय म्हणायचस, ता कोणाक?"

"कोणाक म्हणजे?"

"बायांक सांगायचस, की मी निघालंय म्हणान? की पाणी इला म्हणान?"

"पाणी येत होता, मी घराक येत होतंय. दोनय एकच मा?"

"एकच कसा? एक येता, एक जाता."

"जाता खंय? घराक मा? मगे ता येणाच झाला." तिने शिंपला विळीवर दाबला, अर्धा ठेवला, अर्धा टाकला. "कोणी शिकवल्यान गो तुका इतक्या? साध्या बोलण्याचो असो भुगो करतस."

मी तिच्यासमोर बसले. "बरा, समज खाडी म्हणाली येतंय. तू म्हणायचस तशीच. तर तिचा घर खंय?"

विळीवरचा हात थांबला.

"ह्या माका इचारू नको," आई म्हणाली. "आपण बांध घालून भात लावलो थंयच तिचा घर, असा तुका माझ्या तोंडातना होया. माका कळता."

"तसा नाय, आये."

"तसाच. भूषण माझो झील, तूव माझा चेडू. माझो आवाज नेलास तेवढो पुरे झालो. आता माझा मत नेव नको." तिने टोपली उचलली आणि आत गेली. मग आतूनच म्हणाली, "भाकरी झाकून ठेवलंय. खा."


काठी: येतंय.

मग मी सगळे जुने 'येतंय' काढले. पडवीत बसून, कानाला लावून, एकापुढे एक ऐकले. उंबऱ्यावरचे नव्हे, चिखलातले. ज्यातून यंत्र शिकलं ते.

चिखलात पावलं, पचक पचक. "शेवंते, पुरे कर गो." पाण्याची बारीक खळखळ. "येतंय." पावलं लांब जातात. खळखळ वाढते.

आईचा खोकला. "काय ऊन पडला हा." कोणीतरी हसतं. "येतंय गो." पावलं लांब. पाणी जवळ.

"ह्या घे, ही कुर्ली तुका." "नको, चावात." "येतंय." पावलं लांब. पाणी जवळ.

दर वेळी तसंच. मायक्रोफोन आईच्या गळ्यात नव्हता, काठीवर होता. काठी चिखलातच राहायची. म्हणून प्रत्येक आवाज काठीच्या जागेवरून ऐकू येत होता, आणि त्या जागेवरून ज्या ज्या माणसाने येतंय म्हटलं, ते ते माणूस पाठ फिरवून गेलं. काठीने येतंय म्हणून जवळ येणारं एकही माणूस कधी ऐकलं नव्हतं. तिच्या लेखी तो निघून जाणाऱ्यांचा शब्द होता.

मला एकदम हलकं वाटलं. सापडलं, असं वाटलं. मी उठून उभी राहिले.

मग परत बसले. कारण त्याच प्रत्येक तुकड्यात पाणीही येत होतं. जाणारी जात होती आणि येणारं येत होतं, एकाच शब्दाच्या आजूबाजूला. यंत्राने त्यातलं काय उचललं, पावलं की पाणी? ते यंत्रालाही सांगता येणार नव्हतं. मी पुन्हा ऐकलं. पावलं ऐकायची ठरवली की पावलं ऐकू येत. पाणी ऐकायचं ठरवलं की पाणी.


काठी: येतंय.

शाळेच्या हॉलमध्ये सगळा गाव होता. पाटसकर साहेब पुढे बसले होते, बाजूला मुकादम सर. भूषण मागे, खिडकीला टेकून. आई बायकांमध्ये, पदर डोक्यावरून पुढे ओढून, माझ्याकडे न बघता.

मुकादम सरांनी आलेख दाखवला. दोन्ही चालतात म्हणून सांगितलं. कोणीतरी म्हणालं, "डॉक्टर, म्हणजे तुमकापण कळाक नाय." ते म्हणाले, "बरोबर."

पाटसकर साहेब माझ्याकडे वळले. "हं मॅडम. अर्थ."

मी उभी राहिले. उंबऱ्याचं सांगितलं, पावलांचं सांगितलं, पाण्याचंही सांगितलं. लपवलं काहीच नाही. हॉलमध्ये बाहेरच्या भोंग्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक वेळी लोक आधी आईकडे आणि मग माझ्याकडे बघत होते.

"ताई," भूषण मागून म्हणाला. "एक सांग. तुझी खात्री आसा?"

"नाय."

कुजबुज झाली. पाटसकर साहेब पुढे झुकले. "मॅडम, खात्री नसेल तर कसं चालेल?"

"दरवाजा लावायची तुमची खात्री आहे, साहेब?"

"मला खात्री लागत नाही हो. मला अर्थ लागतो."

कोणीतरी हसलं. मला हसू आलं नाही. पाटसकर साहेबांचा अर्थ सांगितला असता तर सगळे खूश होऊन घरी गेले असते. आईने मला संध्याकाळी मासे तळून वाढले असते. आणि तो अर्थ खोटाही नव्हता. तोही तितकाच खरा होता. जे चुकलं तर परत धुऊन निघेल आणि जे चुकलं तर निघणार नाही, या दोहोंत निवडायचं होतं. फक्त धुऊन निघेपर्यंतची वर्षं माझी नव्हती.

"निघालंय," मी म्हणाले. "ती म्हणतेय, मी निघालंय. उघाडी काढा."

भूषण खिडकीपासून सरळ झाला. त्याचा आवाज चढला नाही.

"तीन वर्सां म्हणतस. चार म्हणतस. ती तुझी नाय, ताई. तू बोलान मोकळी झालस."

तो दारापर्यंत गेला आणि वळला.

"आणि समज ती येतच असात तर?"

"तर मी चुकलंय."

"चुकलंय!" त्याने मान हलवली. तो दारातून बाहेर पडला. घरातून, दुकानातून, सभेतून, कुठूनही निघताना आमच्याकडे माणूस जे म्हणतं, ते तो म्हणाला नाही.


काठी:

खात्याच्या माणसांनी सुकतीला उघाडीच्या फळ्या काढल्या. त्याआधी भूषणने भात कापलं. पोटरीतलं हिरवं भात, गुरांना घालायला. आई त्याच्याबरोबर कापत होती. मी विळा घेऊन गेले तर त्याने मला अडवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मी आपली एका कडेने कापत राहिले. भारे बांधताना त्याचा भारा माझ्या भाऱ्याला लागला, तर तो त्याने उचलून दुसरीकडे ठेवला.

भरती आली. पाणी आधी चरातून आत आलं, जपून, वास घेत आल्यासारखं. मग पसरलं. कापलेल्या भाताचे खुंट एकेक करून बुडाले.

आणि काठी गप्प झाली.

एक शब्द नाही. 'कुजला' नाही, 'गोडा' नाही, 'येतंय' नाही. मी यंत्र बंद करून सुरू केलं. मुकादम सरांना फोन लावला.

"आलेख आहे," ते म्हणाले. "चांगला भरलेला आलेख आहे. पण तो कुठल्याच शब्दापाशी बसत नाही."

"म्हणजे बरी आहे की गेली?"

"या अवस्थेत खाडी असताना तिथे कोणी कधी काही बोललेलंच नाही, ऋतुजा. तुमच्यातल्या कोणी ती बघितलेली नाही. बांधाच्या आधीची आहे ही. शब्द आणायचा कुठून?"

गावात दोन मतं झाली. शेवंतीकाकी म्हणाली, "गेली गो ती. सांगान गेली, आपणच ऐकाक नाय." तिचा नवरा म्हणाला, "पोचली असतली. पोचलेला माणूस कशाक बोलता?" पाटसकर साहेबांनी फोन करून विचारलं की शांततेचा अर्थ काय, वर कळवायचाय. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते म्हणाले, "माहीत नाही असं कळवू?" मी म्हटलं, कळवा.

तिवराची पानं अजून पिवळीच आहेत. काही झाडांना नवी फुटतायत, काहींना नाही. धक्क्यावरचे निवटे एक दिवस दिसले नाहीत. ते चिखलात परतले की आणखी कुठे गेले, मी शोधलं. काही सापडले, पण हे तेच का, निवट्यांना कोण ओळखतं? आई हल्ली भोंग्याखालून जाताना वर बघते. "गप रवली ता बरा झाला," म्हणते. मग थोडं पुढे जाऊन थांबते आणि परत वर बघते.

भूषण माझ्याशी बोलत नव्हता. जेवायला माझ्याआधी बसायचा, माझ्याआधी उठायचा. आईच्या हातून निरोप द्यायचा. "तिका इचार, मोटारीची चावी खंय ठेवल्यान." मी समोर असायचे.

काल दुपारी मी बांधावर गेले. खाजण भरलेलं होतं, कंबरभर, गढूळ, आणि त्यात जिथे तिथे बारीक काहीतरी उसळत होतं. बोयांची पिल्लं असावीत. कोळंबीही असेल. भात होतं त्या जागी एक बगळा उभा होता. भूषण पाण्यात उतरला होता. त्याच्याजवळ ओढायचं जाळं होतं, आमच्या आजोबांच्या वेळचं. दोघांनी दोन बाजूंनी ओढायचं. तो ते एकट्यानेच ओढायला बघत होता. एक टोक चिखलात खोचायचा, दुसरं घेऊन अर्धगोल फिरायचा, तोवर खोचलेलं टोक निसटायचं. पुन्हा खोचायचा. पुन्हा निसटायचं.

बांधाच्या त्या टोकाला आई बसली होती. "अरे, एकट्याच्यान ओढता काय ता?" ती ओरडली. त्याने टोक पुन्हा खोचलं.

मी पँट गुडघ्यावर दुमडली. दुमडून उपयोग नव्हता, पाणी कंबरेपर्यंत होतं. तरी दुमडली आणि उतरले. खाली भाताचे खुंट पायाला टोचले. मी त्याच्यापासून दोन हात अंतरावर जाऊन थांबले. पुढे काय करायचं ते मला ठाऊक नव्हतं.

भूषणने निसटलेलं टोक पाण्यातून ओढून काढलं. त्याच्या दंडावर चिखल होता आणि नाकावर घाम. माझ्याकडे न बघता त्याने ते टोक माझ्या बाजूला सरकवलं.

"धर," तो म्हणाला.

मी धरलं.